तांब्यावरचं नाव

(टिटवाळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी हयातीत स्वतःचं नाव कुठल्याही फलकावर लावू दिलं नाही. म्हणून मीही आज त्यांना नुसतं 'सर' म्हणेन. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना तेवढं पुरेल.

आम्ही आठवीत असताना एका रविवारी सरांनी आम्हाला काळू नदीच्या काठावर नेलं. खिशातून भिंग काढलं, उन्हात धरलं आणि वहीचा कागद जाळून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी त्याच जागी एक नाणं ठेवलं आणि भिंग एका मुलाच्या हातात दिलं. "जाळ बघू." पाच मिनिटं झाली, दहा झाली, पोराचा हात अवघडला. नाणं जरासं कोमट झालं, बस. सरांनी उत्तर दिलं नाही. "कागद जळतो, नाणं का नाही? विचार करा," एवढं म्हणून ते पुढे चालू लागले. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आज ते उत्तर सरांच्याच गावात मांडायचं आहे.

सुरुवात घरातल्या तांब्यापासून करतो. माझ्या आईचा एक तांब्या आहे, तांब्याचाच. त्याच्या गळ्याखाली तिचं नाव आहे, ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं. आपल्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" मग तो घरघर करणारी टोचणी उचलतो, भांडं मांडीवर घेतो आणि 'सौ.', 'चि.', 'मुंजीप्रीत्यर्थ' हे सगळं न चुकता उलट्या बाजूने बसून घालतो. धातूवर अक्षर उमटवणं ही आपल्या भागाची जुनी विद्या आहे. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले, ते शके ९३९चे, म्हणजे इसवी सन १०१७च्या आसपासचे. शतकांनंतरही ती अक्षरं वाचता आली.

गेल्या काही वर्षांत भांड्यांच्या दुकानांतून टोचणी मागे पडत चालली आहे. तिच्या जागी एक टेबल, वर एक खांब, खांबावर डबा, शेजारी संगणक. भांडं खाली ठेवायचं, तांबडा ठिपका जुळवायचा, बटण दाबायचं. चर्रर्र असा आवाज येतो, निळसर-पांढऱ्या ठिणगीचा एक कण अक्षराच्या वाटेने धावतो, आणि चार सेकंदांत नाव तयार. कल्याण-डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत हेच लेसरचं यंत्र बेअरिंगवर, झडपांवर, शस्त्रक्रियेच्या चिमट्यांवर क्रमांक घालतं.

मी आईचा तांब्या आणि लेसरने नाव घातलेला एक नवा तांब्या, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. टोचणीच्या प्रत्येक ठिपक्याभोवती धातूची उंच कड होती. म्हणजे तिथला धातू कुठे गेला नव्हता, नुसता बाजूला सरकला होता. गादीवर गुडघा टेकल्यावर कापूस सरकतो, तसा. लेसरच्या अक्षरात मात्र छोटे छोटे खड्डे होते, एकात एक अडकलेले. कडांवर वितळून पुन्हा थिजलेल्या धातूचे ओघळ, आणि आजूबाजूला बारीक गोल थेंब उडालेले. इथला थोडा धातू खरोखरच निघून गेला होता. हवेत गेला होता.

याला ॲब्लेशन म्हणतात. परिभाषेत त्याला भारदस्त शब्द सापडतील, पण कारखान्यातली मुलं म्हणतात 'मटेरियल उडतं'. मला तोच शब्द योग्य वाटतो. धातू उडतो. प्रश्न एवढाच की प्रकाशाने धातू उडतो कसा, आणि मग सरांचं नाणं का उडालं नाही?

पहिली शंका अशी येईल की लेसरमध्ये ताकद फार असेल. तर हिशेब करू. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भिंगावर दुपारच्या उन्हातून साधारण २ वॅट शक्ती पडते. भांड्यांच्या दुकानातला लेसर बहुधा २० वॅटचा असतो. फक्त दहापट! घरातली साधी एलईडी ट्यूबही विजेच्या जोडणीतून जवळपास एवढीच शक्ती घेते.

दुसरी गोष्ट ठिपक्याची. पंधरा सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून सूर्याची प्रतिमा सुमारे दीड मिलिमीटरची पडते, त्याहून लहान करता येत नाही. कारण सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची अर्ध्या अंशाची थाळी आहे. लेसरचा किरण मात्र एका शिस्तीत चालतो, म्हणून तो ५० मायक्रोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर आणता येतो. इथे क्षेत्रफळात सुमारे ७८० पट फायदा झाला.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि आज मला बोलायचं आहे ते हिच्याबद्दल. दुकानातला लेसर सतत प्रकाश देत नाही. तो सेकंदात वीस हजार वेळा ठोके देतो. इंग्रजीत पल्स, मराठीत स्पंद म्हणू. प्रत्येक स्पंद फक्त १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीस मीटर जातो. आपल्या लोकलच्या दीड डब्याएवढी त्या स्पंदाची लांबी. एका स्पंदात ऊर्जा किती? एक मिलीज्यूल. एक ग्रॅमचं सोन्याचं वळं दहा सेंटिमीटर वर उचलायला लागते, तेवढी. पण ती इतक्या थोड्या वेळात येते की त्या क्षणापुरती शक्ती २० वॅट नव्हे, १०,००० वॅट असते. पाचशेपट.

आता तिन्ही एकत्र करा. दहा गुणिले सातशे ऐंशी गुणिले पाचशे. भिंगापेक्षा लेसरच्या ठिपक्यावरची तीव्रता सुमारे ४० लाख पट होते, आणि त्यात ताकदीचा वाटा फक्त दहाचा आहे.

पण तीव्रतेचे आकडे सांगून मी थांबलो असतो तर सरांनी मला बाकावर उभं केलं असतं. त्यांचा प्रश्न नाण्याबद्दल होता, भिंगाबद्दल नव्हता. म्हणून आता धातूच्या आत जाऊ.

धातू चकाकतो, कारण त्याच्यात इलेक्ट्रॉनांची मोकळी गर्दी असते. प्रकाश आला की हे मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलतात आणि बहुतेक प्रकाश परत फेकतात. दुकानातल्या लेसरचा प्रकाश १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा. स्वच्छ तांबं त्याच्यातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक परतवतं, सोनं तर त्याहूनही जास्त. जो थोडा आत शिरतो, तो पृष्ठभागापासून दहा-वीस नॅनोमीटरमध्येच संपतो. म्हणजे ऊर्जा पडते ती अणूंच्या काही डझन थरांवर. पण धातू उष्णतेचा उत्तम वाहक आहे, त्यामुळे ती ऊर्जा लगेच आत पळू लागते. सरांच्या नाण्याने हेच केलं. बहुतेक ऊन परत फेकलं, आणि जे घेतलं ते अंगभर वाटून टाकलं. कागदाला उष्णता अशी वाटून टाकता येत नाही, म्हणून तो जळाला.

उष्णता किती पळते हे वेळेवर ठरतं, आणि ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. तांब्यात एका मिलिसेकंदात उष्णता साधारण ०.३४ मिलिमीटर आत जाते. १०० नॅनोसेकंदांत फक्त साडेतीन मायक्रोमीटर. ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी पुढचा हिशेब मुद्दाम करतो आहे, कारण सगळं मर्म त्यातच आहे.

एक मिलीज्यूलमधला फक्त पाच टक्के भाग तांब्याने घेतला असं धरू. ही ऊर्जा एका मिलिसेकंदभर सावकाश दिली, तर तेवढ्या वेळात ती ठिपक्याभोवतीच्या अर्धगोलात पसरते, आणि तिथलं तापमान वाढतं फक्त ०.२ अंश. हात लावून कळणारही नाही. आता तीच ऊर्जा, त्याच ठिपक्यावर, १०० नॅनोसेकंदांत द्या. पळायला वेळच नाही. साडेतीन मायक्रोमीटर जाडीच्या चकतीत ती कोंडली जाते, आणि तापमान वाढतं दोन हजार अंशांहून अधिक. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सियसला.

ऊर्जा तीच, तांबं तेच, ठिपका तोच. एकीकडे ०.२ अंश आणि दुसरीकडे २,००० अंश. मधला फरक केवळ वेळेचा.

इथे ती वितळण्याची पायरी महत्त्वाची आहे. वितळलेलं तांबं घन तांब्यापेक्षा बराच जास्त प्रकाश पितं. म्हणून एकदा पृष्ठभाग वितळला की पुढचं भराभर होतं. डोंबिवलीतला एक यंत्रचालक मला सांगत होता, "सर, तांब्यावर पहिला पास धरतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला एकदम धरतं." त्याने कुठल्याही पुस्तकात हे वाचलेलं नव्हतं. पहिल्या स्पंदांनी पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर ऑक्साइडचं पुट चढतं, आणि चकाकी गेली की धातूची ढाल गेली. लागोपाठच्या स्पंदांनी उडण्याचा उंबरठा खाली येतो, याला शास्त्रात इन्क्युबेशन म्हणतात. म्हणजे अंडं उबवणं. कारखान्यात उभ्या असलेल्या माणसाचं निरीक्षण मी नेहमी आधी लिहून घेतो, सूत्र नंतर.

वितळल्यानंतर काय होतं? वितळलेल्या थरावरून वाफ इतक्या जोराने सुटते की ती खालच्या द्रवाला मागे ढकलते. तोफ गोळा फेकताना मागे सरकते, तसा हा धक्का. त्या दाबाने वितळलेला धातू कडेने बाहेर फेकला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले ओघळ आणि थेंब ते हेच. ऊर्जा आणखी जास्त असेल तर द्रव बुडबुडे काढत उकळायलाही थांबत नाही. सगळा थर एकाच वेळी वाफ आणि थेंबांत फुटतो. गरम तव्यावर पाण्याचा थेंब तडतडतो, त्याच्या कितीतरी पुढची ही अवस्था आहे. वाफेचे कण सेकंदाला काही किलोमीटर वेगाने निघतात आणि समोरची हवा दाबतात. आपल्याला ऐकू येणारा चर्रर्र आवाज म्हणजे सेकंदाला वीस हजार लहान स्फोट.

वाफ तापून तिच्यातले अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि प्लाझ्मा तयार होतो. ठिणगीचा निळसर प्रकाश त्या प्लाझ्माचा. गंमत अशी की हा प्लाझ्मा त्याच स्पंदाचा मागून येणारा प्रकाश स्वतःच पिऊन टाकतो आणि खालच्या धातूवर छत्री धरतो. म्हणून शक्ती दुप्पट केली की खोली दुप्पट होईल, हा हिशेब चुकतो. नवी यंत्रं घेणारे पुष्कळ जण इथे फसतात.

याच प्लाझ्माच्या प्रकाशातून आणखी एक दार उघडलं. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगात चमकतं. तांबं हिरव्या रेषा देतं, सोडियम पिवळ्या. म्हणजे उडालेला कण काय आहे हे त्याच्या उजेडावरून ओळखता येतं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, आणि काही दिवसांतच प्रज्ञान रोव्हरवरच्या लेसर उपकरणाने दक्षिण ध्रुवाजवळच्या जमिनीत गंधक असल्याचं दाखवलं. ते उपकरण इस्रोच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत घडलं होतं. तिथे तांब्याच्या जागी चंद्राची माती होती, पण स्पंदाने कण उडवायचा आणि त्याचा उजेड वाचायचा, ही क्रिया आपल्या भांड्यांच्या दुकानातलीच.

आता पुण्याकडे येतो. मला हे सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

लेसरचा जन्म १९६० सालचा. १६ मे रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला, आणि तो स्पंदाचाच होता. त्या काळात लेसरची ताकद तो दाढीची किती ब्लेडं भेदतो यावर मोजत आणि 'इतक्या जिलेट' असं म्हणत. पुढची पंचवीस वर्षं जगभर धातूवर लेसर मारण्याचे प्रयोग झाले ते बहुतेक हवेत किंवा निर्वातात. ऐंशीच्या दशकात पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एका गटाने वेगळा विचार केला. लोखंड पाण्याखाली ठेवायचं आणि पाण्यातून माणकाच्या लेसरचा स्पंद मारायचा. १९८७ साली त्यांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. लेखकांत पाटील, कुलकर्णी, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे अशी आडनावं आहेत. यांतले भिडे म्हणजे डॉ. व्ही. जी. भिडे, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले, आणि पुढे पुण्यात मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करता यावेत म्हणून 'एक्सप्लोरेटरी'च्या उभारणीत झटलेले. ओगले म्हणजे सतीशचंद्र ओगले, ज्यांनी नंतर मेरीलँड विद्यापीठात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसर पुणे येथे काम केलं.

पाण्याखाली काय बदलतं? हवेत प्लाझ्मा मोकळा पसरतो. पाणी त्याला पसरू देत नाही, दाबून धरतं. त्यामुळे दाब प्रचंड वाढतो. तापलेलं लोखंड आणि पाणी यांची तिथल्या तिथे रासायनिक क्रिया होते. आणि स्पंद संपताक्षणी सगळं इतक्या वेगाने थंड होतं की सेकंदाला अब्जावधी अंश हा दर येतो. आपला लोहार विळ्याला, कोयत्याला 'पाणी देतो', तेव्हा तो तेच करतो. लाल पातं पाण्यात बुडवलं की लोखंडात विरघळलेल्या कार्बनला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि पातं कडक होतं, म्हणून धार टिकते. पुण्याच्या गटाने प्रकाशाने पाणी दिलं.

त्यातून जे अडकलं ते फेरस ऑक्साइड, लोखंड आणि ऑक्सिजन जवळजवळ एकास एक प्रमाणात. हे ऑक्साइड सुमारे ५७० अंशांच्या वरच स्थिर असतं. सावकाश थंड केलं तर ते मोडून लोखंड आणि मॅग्नेटाइट होतं. इथे त्याला मोडायला वेळच मिळाला नाही. ते ओळखलं कसं? मॉसबॉवर वर्णपटाने. गॅमा किरणांच्या साह्याने लोखंडाच्या अणुकेंद्रालाच विचारायचं की तुझ्या शेजारी कोण आहे. भिडे या तंत्रातले देशातले अग्रणी होते. एका माणसाचं मुरलेलं तंत्र आणि तरुण गटाची नवी कल्पना एकाच इमारतीत भेटली, म्हणून हे घडलं. संशोधनाला पैसा लागतोच, पण अशी भेट पैशाने ठरवून घडवता येत नाही.

पुढे नव्वदच्या दशकात इतर देशांतल्या गटांनी पाण्यात सोन्या-चांदीचे तुकडे ठेवून लेसरने त्यांचे नॅनोकण थेट पाण्यात मिळवले. त्यासाठी कुठलंही रसायन लागत नाही, म्हणून वैद्यकात त्यांना महत्त्व आलं. आज द्रवातलं लेसर ॲब्लेशन ही एक मोठी शाखा आहे. तिच्या परदेशातल्या आढाव्यांमध्ये सुरुवातीलाच या पुण्याच्या निबंधाचा उल्लेख येतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या पुस्तकांत मला तो कुठे दिसलेला नाही. इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की उद्या वर्गात हे सांगा.

आतापर्यंत बोललो ते नॅनोसेकंदांच्या जगाबद्दल. वेळ आणखी लाखपटीने, दहा लाखपटीने कमी केला तर? फेम्टोसेकंद. शंभर फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची लांबी ३० मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. मघाशी तो लोकलच्या दीड डब्याएवढा होता.

इथे धातूचं वागणंच बदलतं. प्रकाश आधी फक्त इलेक्ट्रॉन घेतात. अणूंना अजून काही कळलेलं नसतं. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे एक लाख पट जड. डास आणि हापूस आंबा यांच्या वजनांत साधारण एवढंच अंतर आहे. आंब्यावर एक डास आपटला तर आंबा हलत नाही, फार वेळा आपटावं लागतं. म्हणून इलेक्ट्रॉनांची उष्णता अणूंना पोहोचायला काही पिकोसेकंद, म्हणजे काही हजार फेम्टोसेकंद लागतात. तोवर त्याच जागेत दोन तापमानं नांदतात, इलेक्ट्रॉन हजारो अंशांवर आणि अणूंची जाळी खोलीच्या तापमानाला. सोव्हिएत शास्त्रज्ञ अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली लेसरच्या स्पंदासाठी हे द्वितापमान सूत्र मांडलं, तेव्हा एवढे आखूड आणि जोरदार स्पंद मिळणंही अवघड होतं. १९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार्ड मुरू यांनी ती वाट मोकळी केली. स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची, आणि शेवटी पुन्हा आवळायचा. २०१८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

फेम्टोसेकंद स्पंद संपतो तेव्हा अणूंना उष्णता पोहोचायची असते. ती पोहोचते तेव्हा वरचा थर एकदम ताणला जाऊन सुटून निघतो, आणि आजूबाजूच्या धातूपर्यंत फारसं काही जात नाही. कड स्वच्छ येते. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट असे कापता येतात. याला 'कोल्ड ॲब्लेशन' म्हणतात, पण जाहिरातीतला हा शब्द मला पटत नाही. थोडंसं वितळणं तिथेही असतं, आणि एकामागून एक स्पंद फार वेगाने दिले तर उष्णता साठतेच. यंत्र विकणारा 'अजिबात गरम होत नाही' म्हणाला, तर सेकंदाला किती स्पंद आहेत ते त्याला विचारा.

आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने असे आखूड स्पंद घन पदार्थांवर मारून तिथल्या प्लाझ्मात उद्भवणारी प्रचंड चुंबकीय क्षेत्रं मोजली आहेत. टिटवाळ्याच्या मुलामुलींनी सीएसएमटीला उतरून पुढे बस पकडली की तिथे पोहोचता येतं. अंतर एवढंच आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर गळ्यातलं मंगळसूत्र किंवा बोटातली अंगठी पाहा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कचे दागिने विकताना त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो, आणि तो लेसरने घातला जातो. सोनं या प्रकाशाला परतवण्यात सगळ्यांत पुढच्या धातूंपैकी एक, तरीही स्पंदाच्या आखूडपणापुढे त्याचं चालत नाही. काही ग्राहक विचारतात, "यात सोनं किती जातं?" सगळी अक्षरं मिळून अर्धा चौरस मिलिमीटर क्षेत्र आणि खोली दहा मायक्रोमीटर धरली, तर बावीस कॅरेटमध्ये एक दशांश मिलीग्रॅमहून कमी. काळजी सोडा. तो क्रमांक मात्र भिंगाने वाचून घ्या आणि बीआयएसच्या ॲपवर तपासा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला इथून उतरता येणार नाही.

धातू हवेत उडतो, असं मी मघापासून म्हणतो आहे. मग तो हवेतून जातो कुठे? स्टेनलेस स्टीलवर नाव घातलं की लोखंडाबरोबर क्रोमियम आणि निकेलही उडतं. वाफ थंड होऊन त्याचे कण होतात, त्यांतले बरेचसे नॅनोमीटरांत मोजावेत इतके बारीक. तोंडावरचा रुमाल त्यांना अडवत नाही. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात. मी पाहिलेल्या छोट्या दुकानांत धूर ओढून घेणारी नळी क्वचितच असते. वर पंखा फिरत असतो, आणि तो धूर माणसाच्या तोंडावरच आणतो.

दुसरं डोळ्यांचं. ठिणगी दिसते, म्हणून लेसर दिसतो असं माणसाला वाटतं. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही. न दिसल्यामुळे पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग त्याला सरांच्या भिंगासारखंच एका बिंदूवर आणतं, आणि तो बिंदू असतो दृष्टिपटलावर. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. समोरचं स्टील चकाकतं आहे, पंचाण्णव टक्के प्रकाश परतवणारं तांबं तर आणखीच. त्याचा एक कोन चुकला तर एका स्पंदात दृष्टीवर कायमचा डाग पडतो. काळा गॉगल किंवा वेल्डिंगची काच या कामाला चालत नाही. ज्या काचेवर तरंगलांबीचा आकडा आणि ऑप्टिकल डेन्सिटी छापलेली आहे, तीच चालते.

यंत्र काही लाखांचं असतं. असा चष्मा त्याच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात येतो. तरीही यंत्र घेताना तो मागितला जात नाही, आणि दुकानातल्या टेबलामागे अठरा-वीस वर्षांचा मुलगा दिवसाला दोनशे नावं उघड्या डोळ्यांनी घालतो. तो टिटवाळ्यातला, आंबिवलीतला, शहाडचा मुलगा असतो. आपलाच असतो.

म्हणून या सभागृहात ज्यांची दुकानं, वर्कशॉप आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. उद्या सकाळी शटर उघडल्यावर यंत्र सुरू करण्याआधी पुरवठादाराला फोन करा आणि १०६४ नॅनोमीटर छापलेले दोन चष्मे मागवा, एक चालवणाऱ्यासाठी आणि एक शेजारी उभ्या असणाऱ्यासाठी. यंत्राभोवती झाकण बसवा, धूर ओढून घेणारी नळी लावा. आणि जे गिऱ्हाईक म्हणून जातात त्यांनी, आपल्या तांब्यावर नाव घालून घेताना, त्या मुलाच्या डोळ्यांवर चष्मा नसेल तर काम थांबवायला सांगा.